निपाणीत राहणाऱ्याने कोल्हापूर पासिंगची जुनी डिझेल स्विफ्ट घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा आहे: घर निपाणीजवळच्या गावात, नोकरी कागलच्या एमआयडीसीत. कोल्हापूरच्या एका एजंटाकडे २०१६ ची स्विफ्ट डिझेल पसंत पडली आहे. एमएच-०९ पासिंग, सध्याचा मालक दुसरा, मीटरवर ६८ हजार, मागणी ३ लाख ९० हजार. घ्यावी का?

मी बेळगावात गॅरेज चालवतो. सौदा व्हायच्या आधी गाडी दाखवायला आणणारे थोडे, सौदा झाल्यावर आणणारे पुष्कळ. म्हणून तुम्ही आधी विचारलंत याचं फार बरं वाटलं. माझं उत्तर: या किमतीला घेऊ नका. हे मॉडेल वाईट आहे असं मुळीच नाही. पण ती तुमच्या नावावर केए-२३ (चिक्कोडी आरटीओचा नंबर) होईपर्यंतचा खर्च या आकड्यात धरलेला नाही, आणि दोन गोष्टींचा उलगडा अजून व्हायचा आहे: पूर आणि मीटर.

आधी पासिंगचं बघू, कारण आपल्या भागात जुनी गाडी तिथंच महाग पडते. तुमचा पत्ता कर्नाटकातला, म्हणजे गाडी तुमच्या नावावर करायची तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घ्यायची, मग चिक्कोडी आरटीओत नव्याने नोंद करून इथला नंबर घ्यायचा आणि इथला आजीवन कर भरायचा. पाच ते दहा लाखांच्या नव्या गाडीला कर्नाटकात हा कर १४ टक्के आहे, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब तुम्ही आज दिलेल्या किमतीवर होत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर होतो. समजा ती तेव्हा सहा लाखांची होती. चौदा टक्क्यांनी ८४ हजार झाले. सुटीनंतर निम्मे धरले तरी ४२ हजार. नेमका आकडा आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) झेरॉक्स घेऊन चिक्कोडीला जाऊन विचारा, आणि हे इसार द्यायच्या आधी करा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो इकडे नोंद झाल्यावर अर्ज करून. ते पैसे खिशात आल्यासारखे धरून सौदा करू नका.

एजंट तुम्हाला एक सोपी वाट सांगेल: "कागलच्या पाहुण्यांच्या नावावर ठेवा, एमएच नंबर तसाच चालू द्या, रोज तिकडंच तर जाता." सीमाभागात हे सर्रास चालतं, आणि मला याची खरोखर काळजी वाटते. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ तेच सांगतं. त्याहून मोठी गोष्ट अपघाताची. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो, नोंदवहीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे तुमच्या हातून काही घडलं तर कोर्टाची नोटीस त्या पाहुण्यांच्या दारात. आणि तुमचं स्वतःचं नुकसान झालं तर विमा तुमच्या नावावर नसल्यामुळे क्लेम अडकणार. चाळीस-पन्नास हजार वाचवायला नातं पणाला लावू नका.

आता पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. शिरोलीजवळ हायवे बंद, कोल्हापुरात शाहूपुरीपर्यंत पाणी, सांगलीत पाणी, आपल्याकडे वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं पाण्यात. २०१६ ची कोल्हापूरची गाडी या दोन्ही पुरांच्या वेळी त्याच भागात असण्याची शक्यता मोठी. पाण्यात गेलेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून अशी उभी करतात की वरून काही कळत नाही. दुखणं वायरिंगमध्ये राहतं. गाळ कनेक्टरमध्ये बसतो, पिना हळूहळू गंजतात, आणि वर्ष-दोन वर्षांनी कधी खिडकी चालत नाही, कधी मीटर बंद पडतो, कधी गाडी रस्त्यातच थांबते. अशी गाडी दुरुस्त करताना एक बिघाड काढला की दुसरा निघतो, मालकाचे पैसे जातात आणि आम्हालाही समाधान मिळत नाही. पाण्यात असताना कुणी स्टार्टर मारला असेल तर आणखी वाईट. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही, वेळ लागतो. पुढचे दोन्ही सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज दिसणारा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळलेल्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहते. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा खळगा बघा, कडांना बारीक गाळ किंवा गंज आहे का. सीटखाली मोबाईलचा टॉर्च मारा. रेल आणि स्प्रिंग गंजलेल्या असतील तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. डॅशबोर्डखाली आडवं होऊन लोखंडी पट्ट्या आणि फ्यूज बॉक्स बघा. हेडलाइटच्या आत धुरकट रेघ, नऊ-दहा वर्षांच्या गाडीत कोरं करकरीत कार्पेट, किंवा आत बसताच डोकं भणभणेल एवढा परफ्यूम, यातलं काहीही दिसलं तर तिथूनच परत या.

कागदावरही पूर सापडतो. विम्याच्या जुन्या पॉलिस्या मागा, चालू नव्हे, २०१९ पासूनच्या. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के असा वर्षावर्षाने चढतो आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्यावर येतो. २०२० किंवा २०२२ च्या सुमारास तो एकदम शून्य झालेला दिसला तर आधीच्या वर्षी कशाचा क्लेम घेतला ते विचारा. मात्र एक लक्षात ठेवा: बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, मालक बदलला तरी शून्य होतो. म्हणून दुसऱ्या मालकाच्या नावावर गाडी कधी झाली ती तारीख शेजारी ठेवून बघा. आणि फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर या वाटेने काही कळणार नाही, मग वरची तपासणीच खरी.

मीटरबद्दल मला शंका आहे, कारण हिशेब जमत नाही. ६८ हजार म्हणजे वर्षाला सात-साडेसात हजार. इतकं कमी फिरणारा माणूस सहसा पेट्रोल गाडी घेतो. डिझेलचे जास्तीचे पैसे भरणाऱ्याचं रनिंग मोठं असतं. अपवाद असतात, पण तो सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत नेऊन ते काढायला लावा. मालक यायलाच तयार नसेल तर तेही उत्तरच समजा. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगची झिज, ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. टायर चांगले दिसत असले तरी इतके जुने झाले असतील तर बदलायचा खर्च धरा.

इंजिनबद्दल मात्र माझं मत चांगलं आहे. हे १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. मारुतीने डिझेल गाड्या २०२० च्या एप्रिलपासून बंद केल्या, तरी याचे पार्ट मिळतात आणि हात बसलेले मिस्त्री आपल्याकडे गावोगाव आहेत. वेळेवर ऑइल बदललेलं हे इंजिन लांब जातं. ऑइलची हयगय झाली की टायमिंग चेन आणि टर्बो दोन्ही बोलायला लागतात. म्हणून एजंटाला आधीच सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर सुरुवातीचा आवाज लपवलाय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन सुरू होताना खळखळ असा साखळीचा आवाज येऊन राहिला तर खर्च आहे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्या.

ठोकलेली आहे का हे बघताना रंगापेक्षा बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा बघा, दारांच्या फटी सारख्या आहेत का बघा. बंपर, एखादं दार रंगवलेलं असणं चालतं. खांब किंवा पुढची चासी वेल्डिंग केलेली असेल तर किंमत विचारू सुद्धा नका.

ट्रायल कोल्हापूरच्या गल्लीत घेऊ नका. गाडी तवंदी घाटात न्या, तुमच्या घरापासून जवळच आहे. एसी लावून, चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही असं झालं तर क्लच प्लेट संपली. वर पोहोचल्यावर इंजिन जास्त तापलंय का बघा. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरतं का, सपाटीवर गाडी एका बाजूला ओढते का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे एमपरिवहन या सरकारी ॲपवर दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. ई-चलनं महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची दोन्हीकडची तपासा, थकलेली असतील तर एनओसी अडते. फॉर्म २८ (एनओसीचा), २९ आणि ३० (नाव बदलायचे) यांवर सही खुद्द आरसीवरच्या मालकाची हवी आणि त्याच्याशी एकदा फोनवर तरी बोला. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही मागा.

पैशांचा हिशेब मी असा करेन. तुमची तयारी ३ लाख ९० हजारांची आहे ना? मग तेवढ्यात गाडी तुमच्या नावावर, केए नंबर लागून दारात उभी राहिली पाहिजे. कर, टायर, विमा आणि पहिली मोठी सर्व्हिस वजा करा. वरच्या सगळ्या तपासण्यांत पास झाली तर ३ लाख १० हजार, फार तर ३ लाख १५ हजार द्या. तो उतरत नसेल तर त्याच मॉडेलची केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ गाडी शोधा. ती पावणेचार लाखांना मिळाली तरी तुम्हाला स्वस्तच पडेल, कारण राज्यातल्या राज्यात नुसतं नाव बदलायला नवा आजीवन कर लागत नाही.

आणि सौदा ठरलाच तर इसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त देऊ नका, एनओसी मिळाली नाही तर तो परत करायचा असं कागदावर लिहून घ्या, बाकी रक्कम एनओसी हातात पडल्यावर, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात.