जाळं कापून आमची बोट सोडवणारा तांडेल

शिडाच्या बोटीने लांबचा प्रवास करताना अनोळखी माणसांची मदत झाली का आणि त्यांचे आभार कसे मानलेत, असं तुम्ही विचारलंय. मदत अनेकांनी केली, पण मला आधी एका तांडेलाबद्दलच, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाबद्दलच सांगायचंय.

आम्ही तिघे मित्र डिसेंबरात मुंबईहून पणजीला गेलो होतो. अंतर २०० सागरी मैलांहून थोडं जास्त, ११ दिवस लागले. दुपारी वायव्येचा वारा धरायचा आणि दिवस मावळायच्या आत एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, असा बेत. संध्याकाळी हा वारा पडतो, आणि पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटेपर्यंत बोट नुसती हेलकावे खात राहते.

जयगडच्या अलीकडे आम्हाला अशीच रात्र झाली. दीपगृहाचा झोत फिरताना दिसत होता, खाडी जवळ आली होती, म्हणून इंजिन लावलं. पाच मिनिटांत ते गुरगुरून बंद पडलं. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात मासेमारीचं जाळं गेलं होतं. अंधारात जाळ्याच्या बोया, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, आम्हाला दिसल्याच नाहीत. चूक सर्वस्वी आमची.

थोड्या वेळाने ज्यांचं जाळं त्यांचीच बोट आली. तांडेलाने बॅटरी मारून बघितलं आणि एका पोराला पाण्यात उतरवलं. पोरगा वर आला, म्हणाला, पीळ घट्ट बसलाय. मी म्हटलं, "दादा, कापू नका. सकाळी उजेडात सावकाश सोडवू, तुमचं जाळं तरी वाचेल."

"सकाळपर्यंत खडपावर जाल. आधी पंखा मोकळा होऊ दे."

त्यांनी कमरेची सुरी पोराला दिली. तो बुडी मारायचा, कापायचा, दम घ्यायला वर यायचा. असं तासभर चाललं. कापलेले तुकडे आम्ही वर ओढत होतो. एका तुकड्यात बांगडा अडकला होता, तो तांडेलाने दोन बोटांनी अलगद सोडवला आणि आमच्याच बादलीत टाकला. मग दोर लावून आम्हाला खाडीत आणून सोडलं. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला आणि परत समुद्रावर गेले.

समुद्रावर दुसऱ्याचा जीव वाचवणं हे कर्तव्यच मानलं जातं. २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून जखमी झालेल्या भारतीय नौदलाच्या अभिलाष टॉमींना, एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या दर्यावर्दींना, फ्रान्सच्या 'ओसिरिस' जहाजाने उचललं, तेव्हा आपण सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला होता. पण ज्याने आपलं नुकसान केलं त्याच्यासाठी भर हंगामात स्वतःचं जाळं कापावं, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. त्या रात्रीची मासळी गेली ती वेगळीच.

पुढे मालवणातही असंच झालं. बंदरात शिरताना पाण्याखाली खडपं फार आहेत. एक म्हातारे काका छोट्या होडीतून समोर आले आणि ओरडले, "माझ्या मागसून येवा! उजवीकडे जाव नकात, थंय खडप आसा!" आम्ही नांगर टाकेपर्यंत ते वल्ह्यावर हात ठेवून बघत थांबले. त्यांना नीट नमस्कार करायचाही राहून गेला. ती रुखरुख अजून आहे.

तांडेलाचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. पंख्यातून निघालेला जाळ्याचा एक तुकडा मी जपून ठेवला होता. पुढच्या वर्षी तो रत्नागिरीत दुकानदाराला दाखवून तसंच जाळं घेतलं आणि एसटीने जयगड गाठलं. जेटीवर विचारत विचारत घर सापडलं. आम्हाला त्यांनी ओळखलं नाही, बोट मात्र आठवली. वहिनींनी चहा ठेवला. तांडेलांनी जाळ्याचं एक टोक मांडीवर पसरलं, आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, बोटं घालून माप बघितलं आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "आस बरोबर आणलात."