'केवळ प्रसिद्धीसाठी, विक्रीस मनाई' असा शिक्का असलेली सीडी अमेरिकेत विकणे बेकायदेशीर आहे का?

नाही, अस्सल प्रमोशनल सीडी पुन्हा विकणे केवळ त्या शिक्क्यामुळे बेकायदेशीर ठरत नाही. ध्वनिमुद्रण कंपन्या अशा प्रती रेडिओ केंद्रे, समीक्षक आणि डीजे यांना फुकट पाठवतात. बारकोडला भोक पाडून किंवा वेष्टनाचा कोपरा कापून त्या ओळखू येतील अशी खूणही अनेकदा करतात, आणि तरीही त्यांतल्या बऱ्याच प्रती जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या दुकानांत पोहोचतातच. अशाच प्रतींच्या ऑनलाइन लिलावावरून 'युनिव्हर्सल म्युझिक'ने एका विक्रेत्यावर खटला भरला होता. सीडीवर ती कंपनीच्याच मालकीची असल्याचे ठणकावून छापलेले होते, परंतु २०११ मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे अमेरिकेतील पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या) संघीय अपील न्यायालयाने असा निकाल दिला की, न मागता पाठवलेल्या आणि परत घेण्याची कोणतीही व्यवस्था नसलेल्या सीडीची मालकी ती ज्याला मिळाली त्याच्याकडे जाते, आणि कायदेशीर प्रत तिच्या मालकाला विकता येते. मात्र ही मुभा त्या प्रत्यक्ष तबकडीपुरतीच आहे. तिच्यातील गाणी उतरवून त्यांच्या प्रती परवानगीशिवाय वाटणे किंवा विकणे हा स्वामित्वहक्काचा भंगच होय.