चूर्णात इन्हिबिटर सापडला, मग गोळी बंद करू का?

प्रश्न: नमस्कार सर. माझ्या सासऱ्यांना (वय 76) अल्झायमर आहे, दीड वर्षापासून रात्री डोनेपेझिलची 5 ची गोळी चालू आहे. माझा भाचा एम.फार्म. करतोय, त्याच्या प्रोजेक्टमध्ये ब्राह्मी आणि अजून दोन-तीन वनस्पतींच्या अर्कात "एंझाइम इन्हिबिशन मस्त आलं" (म्हणजे अर्काने एंझाइमचं काम अडवलं) असं तो बोलला आणि तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच, गोळी बंद करा, चूर्ण द्या, नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गोळी बंद करू नका. आता बाकीचं निवांत वाचा.

मेंदूत असेटिलकोलीन नावाचं एक रसायन आहे, एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं, आणि काम झालं की एक एंझाइम (रासायनिक काम घडवून आणणारं प्रोटीन) येऊन ते तोडून टाकतं. अल्झायमरमध्ये हे रसायन बनवणाऱ्या पेशीच कमी होत जातात, म्हणून जे थोडंफार उरलंय ते तुटू नये यासाठी त्या एंझाइमला अडवायचं. सासऱ्यांची गोळी तेच करते. आजार थांबत नाही तिने, पण काही काळ जरा सावरल्यासारखं होतं.

भाच्याने बहुतेक एलमनची टेस्ट केली असणार, 1961 पासून चालत आलीय, एंझाइम बऱ्याचदा इलेक्ट्रिक ईल माशाचं असतं (हो, करंट मारणाऱ्या माशाचं!). एंझाइम चाललं की द्रावण पिवळं होतं, अडलं की पिवळेपणा कमी. सोपी टेस्ट, पण गंडवते पण तेवढीच. अर्क स्वतःच हळदीसारखा पिवळा असेल तर रीडिंगचा घोळ, आणि टॅनिन (वनस्पतींमधला तुरट पदार्थ) तर दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं, मग एंझाइम अडलं म्हणून आपण खूश. शिवाय काचेच्या नळीत अडलं म्हणजे पोटातून, लिव्हरमधून, रक्तातून मेंदूत पोचून अडेलच असं कुठाय? आणि दुकानात ब्राह्मी म्हणून कधी जलब्राह्मी मिळते कधी मंडूकपर्णी, दोन्ही वेगळ्या वनस्पती.

वनस्पतीतून औषध निघतच नाही असं मी म्हणत नाहीये. हेच एंझाइम अडवणारं गॅलँटामाइन स्नोड्रॉप फुलाच्या कंदातून निघालं, 1950 च्या दशकात बल्गेरियात त्यावर खूप काम झालं, पण अल्झायमरसाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली 2001 मध्ये! आणि रुग्णाला कंद वाटून देत नाहीत, दिवसाला 8 ते 24 मिलिग्रॅम, मोजून. याच कामाचं दुसरं औषध, रिव्हास्टिग्मिन, त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार बीत आहे. ही विषारी बी तिकडे आरोपीला खायला घालायचे, जगला तर निर्दोष. पूर्ण नॅचरल होती हं ती.

आपल्याकडचं बघायचं तर 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, माणसं गेली. तिथे वापरात असलेल्या कीटकनाशकांमधली ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं हेच एंझाइम अडवतात, फक्त सगळ्या शरीरात आणि भरमसाट. म्हणजे "इन्हिबिटर (एंझाइम अडवणारा पदार्थ) सापडला" यावरून ते औषध आहे की विष हे कळत नाही, ते डोस ठरवतो, आणि चमचाभर चूर्णात डोस किती ते ना तुम्हाला माहीत ना मला.

चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर डॉक्टरांना सांगून टाका, लपवू नका, ओरडले तरी चालेल. त्यात खरंच असा काही घटक असला तर गोळीच्या जोडीला मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं हे सगळं वाढू शकतं. सासऱ्यांना चक्कर येत असेल किंवा बीपीसाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर उद्याच फोन करा.

आणि भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या, पहिली गाळणी त्याने लावलीय. फक्त विचारा, टेस्टमध्ये अर्काच्या शेजारी तुलनेला गॅलँटामाइन ठेवलं होतंस का, आणि दोघांचे आकडे किती आले? बहुतेक तो जरा विषय बदलेल.