साकव की छपराचा पूल?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत जे जुने लाकडी, वर छप्पर असलेले 'कव्हर्ड ब्रिज' आहेत त्यांना मराठीत 'साकव' म्हटलं तर चालेल का, कारण 'आच्छादित पूल' फारच सरकारी वाटतं. भाषांतर कॉर्निश-विंडसर पुलावरच्या लेखाचं आहे.

साकव नको हो. शब्द गोड आहे पण कोकणात साकव म्हणजे वहाळावर ओंडके टाकून केलेला उघडा, छोटा पूल, आता सिमेंटचा बांधतात त्यालाही साकवच म्हणतात पण तोही छोटाच. आणि हा तुमचा पूल कनेटिकट नदीवरचा, एका टोकाला न्यू हॅम्पशायर राज्य दुसऱ्या टोकाला व्हर्मॉंट, १८६६ सालचा, लांबी जवळपास ४४९ फूट आणि आजही त्यावरून गाड्या जातात! त्याला साकव म्हणायला जीभ रेटत नाही.

'झाकलेला पूल' म्हटलं तर वाटतं दुरुस्तीसाठी ताडपत्री टाकलीये. 'छपरी पूल' व्याकरणात बसतं, पण हल्लीची पोरं छपरी कुणाला म्हणतात ते माहितीये ना, वाचणारा तिथेच फुटेल.

मी सरळ 'छपराचा पूल' लिहीन, कारण सगळा खेळ छपराचाच आहे. लोकांना वाटतं ते प्रवाशांना पाऊस-बर्फ लागू नये म्हणून, पण तसं नाही, ते पुलाच्या लाकडासाठी आहे. दोन्ही बाजूंना तिरक्या लाकडांची जाळी असते (ही पद्धत इथिएल टाउन या अमेरिकन वास्तुविशारदाची, पेटंट १८२० चं), भार सगळा तिच्यावर, आणि सांध्यात पाणी मुरलं की ती कुजलीच म्हणून समजा. उघडा लाकडी पूल दहा-वीस वर्षांत बाद व्हायचा, छपराचा शंभरी सहज गाठतो. आपल्याकडे पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झापं लावतात तसंच. उलट हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्या आतून जाव्यात म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आणून पुलावर पसरायचे, आता बोला!

अजून एक, पुलाच्या तोंडावरची 'Walk your horses or pay two dollars fine' ही पाटी लेखात असेल तर 'घोडे चालवा नाहीतर दोन डॉलर दंड' असं करू नका, अर्थ उलटाच होतो, घोडे दौडवू नका असं म्हणायचंय त्यांना. मराठी पाटीवर असतं तसं करा: 'पुलावर घोडे पळवू नयेत. दंड २ डॉलर.'