रेडिओवर दिशा सांगताना: नव्या शिकाऊ वैमानिकासाठी

सगळ्यात आधी हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक कोणत्या दिशेला आहे ते अंशांत, पक्कं करा. ते नेहमी तीन अंकी, प्रत्येक अंक सुटा. ९० अंश म्हणजे ‘झीरो नाइनर झीरो’, ‘नाइंटी’ नाही. उत्तरेला ‘थ्री सिक्स झीरो’. खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘नाइनर’, ‘फाइफ’.

नवखे बहुतेकदा इथे चुकतात:

- कंट्रोलरने वळायला सांगितल्यावर नुसतं ‘रॉजर’ (ऐकलं) म्हणणं. वळण डावं की उजवं आणि हेडिंग, दोन्ही परत म्हणा, शेवटी कॉलसाइन (विमानाची रेडिओवरची ओळख): ‘टर्न लेफ्ट हेडिंग टू सेव्हन झीरो’, मग कॉलसाइन.
- माइकचं बटण दाबताच बोलणं. पहिला शब्द कापला जातो, क्षणभर थांबा.
- दुसरं विमान ‘टू ओक्लॉक’ला आहे असं सांगितलं की ते होकायंत्रावर शोधणं. घड्याळासारखं विमानाच्या समोर बारा धरा, दोनसाठी समोर उजवीकडे पाहा.

नीट ऐकू आलं नाही? अंदाज नको, बिनधास्त ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) म्हणा. बाकीची परिभाषा सरावाने येईल.