बगॅसमधलं लिग्निन नुसतं जाळायचं का?

प्रश्न : डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसरला लिग्निन (झाडांना ताठपणा देणारा पदार्थ) घातलेलं डांबर वापरून हायवेचा एक तुकडा केला असं वाचलं. आमच्या साखर कारखान्यावर बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर असतात, त्यातही लिग्निन असतं म्हणे, मग त्याचं प्लास्टिक, केमिकल न करता सगळं बॉयलरला का घालतात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बॉयलरला घालतात ते काही अडाणीपणाने नाही हो. बगॅस जाळूनच कारखान्याची वाफ आणि वीज निघते, उरलेली वीज विकताही येते, त्यामुळे त्यातून लिग्निन काढलं की तेवढं जळण बाहेरून आणायला लागणार. पेपर मिलचंही तेच, लाकडाच्या चिपा कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवल्या की लिग्निन विरघळून काळंकुट्ट पाणी उरतं, ते आटवून जाळतात, वाफही मिळते आणि शिजवायची केमिकलंही परत हाती येतात.

खरी गोची पुढे आहे. झाडातलाच दुसरा पदार्थ सेल्युलोज म्हणजे एकाच जातीच्या मण्यांची, म्हणजे साखरेच्या रेणूंची, सरळ माळ, लिग्निनमध्ये मात्र तीन जातींचे मणी कसेही कुठेही जोडलेले. जोर लावून तोडलं तर ढीगभर पदार्थ एकत्र मिळतात, वर तुटलेले तुकडे तिथल्या तिथे पुन्हा चिकटतात, मग ते निवडण्यातच पैसा संपतो आणि लिग्निनमधून काढायचं ते फिनॉल (गोंद, प्लास्टिकला लागणारं केमिकल) पेट्रोलियमपासूनचंच स्वस्त पडतं.

नॉर्वेत सार्प्सबोर्गची बोरेगार्ड कंपनी १९६२ पासून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातून व्हॅनिलिन काढते, आइस्क्रीमला येतो तोच वास! पण स्प्रूसमध्ये जवळपास एकाच जातीचे मणी असतात म्हणून ते जमतं, आपल्या उसात तिन्ही जाती आहेत.

म्हणून जिथे तोडायची, शुद्ध करायची फारशी गरज नाही अशी कामं आधी पुढे येतात. काँक्रीट कमी पाण्यात पातळ राहावं म्हणून घालतात ते लिग्नोसल्फोनेट (लिग्निनचंच पाण्यात विरघळणारं रूप), प्लायवुडच्या गोंदात थोडं फिनॉल कमी करून त्या जागी लिग्निन, आणि डांबर. मनसरच्या कामात पुण्याची प्राज इंडस्ट्रीज होती. ही कंपनी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायचं तंत्रज्ञानही देते, पानिपतला इंडियन ऑइलचा तसला प्लांट आहे. तिथे पेंढ्यातल्या सेल्युलोजची साखर करतात, यीस्ट ती साखर खातं, लिग्निनला तोंडही लावत नाही, त्यामुळे ते आपोआप वेगळं उरतं.

तुमच्या कारखान्यात बगॅसपासून असं इथेनॉल सुरू झालं तर लिग्निनचा विषय काढा, तोपर्यंत बॉयलरच बरा वाटतो मला.