बिल्ल्यावर काय लिहायचं?

सोलापूर,
रविवार

तुला अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एका डाईंगमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात होतो. शेजारी बॉयलर चालवणारा फायरमन पाणी चढवणाऱ्या फीड पंपाशी झटत होता, त्यामुळे तुझं निम्मंच ऐकू आलं आणि "बघू, कळवतो" म्हणून मी फोन ठेवला. रात्री जेवताना आठवून बघितलं तर तुझे प्रश्न दोनच होते. पुण्यातल्या त्या दोन दिवसांच्या ऊर्जा परिषदेला ९,००० रुपये भरून जावं का? आणि गेलीस तर फॉर्मवरच्या 'संस्थेचं नाव' या चौकटीत काय लिहायचं? दुसरा प्रश्न विचारताना तू हसलीस. मला तोच खरा प्रश्न वाटतो, म्हणून आधी तो घेतो.

गिरणी बंद पडल्यावर मी स्वतःचं काम सुरू केलं. त्यानंतरची पहिली परिषद मुंबईत होती. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो, स्टेशनावरच दाढी केली आणि इस्त्री मोडलेला शर्ट घालून हॉलवर पोचलो. चौकटीत लिहिलं होतं 'स्वतंत्र सल्लागार', आणि चौकटीत लिहू तेच बिल्ल्यावर येतं. अशा ठिकाणी समोरचा माणूस आधी आपल्या तोंडाकडे बघत नाही, छातीवरच्या बिल्ल्याकडे बघतो. 'स्वतंत्र सल्लागार' वाचलं की त्याच्या मनात येतं, नोकरी गेलेली दिसते. (माझी गेलीच होती, ते सोड.) मग दोन वाक्यं पावसापाण्याची व्हायची आणि त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे कुणी कामाचं दिसतंय का ते शोधायला लागायचे. दुपारपर्यंत मी खांबाला टेकून तिसरा चहा पीत होतो.

पुढच्या वेळी चौकटीत लिहिलं, 'डाईंगचे बॉयलर, सोलापूर'. पदवी नाही, प्रमाणपत्राचा नंबर नाही. वाचणारा थांबायला लागला. निम्मे लोक "चादरवाले का?" म्हणायचे, आणि मी हो म्हणायचो. चादरीचं सूत रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलर जळण खातो, ते कमी खावं म्हणून मी. चार वाक्यांत माझा धंदा सांगून व्हायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अजूनही माझं नाव फार जणांना माहीत नाही, 'बॉयलरवाले' म्हटलं की गेटवरचा वॉचमन आत सोडतो. तूही तसं एक नाव शोध. 'एनर्जी ऑडिटर', म्हणजे कारखान्यात ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणारी, हे खरं आहे, तू परीक्षा पास झालीस, पण त्या हॉलमध्ये निम्मे जण तेच असणार. तू गेल्या वर्षात सर्वांत जास्त वेळ कशावर घालवलास? कॉम्प्रेसरच्या दाबाखालच्या हवेच्या गळतीवर ना? मग तेच लिही की.

चादरीवरून आठवलं. एका वर्षी हौसेने शेंगाचटणीची वीस पाकिटं नेली आणि भेटेल त्याला दिली. चटणी सगळ्यांच्या लक्षात राहिली, मी कुणाच्याच नाही. इचलकरंजीचा एक गृहस्थ अजून दिवाळीच्या आधी फोन करतो, "ती चटणी पाठवता का?" कामाचं अवाक्षर नाही. तू चटणी नेऊ नकोस.

आता पैशाचं. फी, गाडी, लॉज, रिक्षा आणि बुडालेले दोन दिवस धरलेस तर वीस हजारांच्या घरात जाशील. पहिल्या सहा महिन्यांत त्यातला रुपया परत येणार नाही. हे मान्य असेल तर जा, नाहीतर तेच पैसे बॉयलरचा धूर तपासणाऱ्या चांगल्या फ्लू गॅस अ‍ॅनालायझरसाठी बाजूला टाक. आणि वर्षातून एकदाच जा. दर दोन महिन्यांनी परिषदेत दिसणारा सल्लागार काम कधी करतो, असा प्रश्न लोकांना पडतो, आणि बरोबरच पडतो.

जायचं ठरलं तर कुणाला भेटायचं ते घरूनच ठरवून जा. नवीन माणसं मालकांच्या मागे पळतात. व्यासपीठावरून उतरलेल्या मोठ्या माणसाभोवती बारा जण कार्ड घेऊन उभे असतात, तेरावी तू होऊ नकोस. तू गाठ सर्व्हिस इंजिनिअरांना. बॉयलर, बर्नर, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह विकणाऱ्या कंपन्यांच्या स्टॉलमागे ते कंटाळून उभे असतात, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. हा माणूस वर्षाला कितीतरी कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये जातो. जळण वाढलं की मालक पहिल्यांदा त्यालाच विचारतो, "कुणी बघणारा आहे का?" त्या क्षणी त्याला तुझं नाव सुचलं पाहिजे. मला बाहेरगावची पहिली तीन कामं अशाच तीन माणसांनी दिली. त्यांतल्या दोघांना तोवर मी एकेकदाच भेटलो होतो.

याचं कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. साखर पेठेतले माझे जिवाभावाचे मित्र, मेहुणे, साडू, सगळे यंत्रमागाच्या धंद्यात, पण त्यांच्याकडून कधी काम आलं नाही. पुढे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९७३ सालचं संशोधन वाचनात आलं. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली त्यांना त्याने विचारलं होतं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारे १७ टक्क्यांच्या आत निघाले, अधूनमधून भेटणारे ५५ टक्क्यांच्या वर, आणि बाकीचे क्वचितच भेटणारे. कारण साधं आहे. जवळच्या माणसाला जे माहीत असतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. साडूला सोलापूरच्या बाहेरचा बॉयलर कुठून दिसणार?

याच सर्व्हिसवाल्यांशी आणि त्यांच्या सेल्सच्या साहेबांशी बोलताना एक गोष्ट येणार आहे. ती नीट वाच. बाकी पत्र विसरलीस तरी चालेल.

चहाच्या वेळी तुला कुणीतरी बाजूला घेईल. गोड बोलेल, "मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये आमचं नाव आलं तर आम्ही तुमचा विचार करू." विचार म्हणजे टक्के. मी एकदा हो म्हटलं. स्टीम ट्रॅप (वाफ अडवून नळीतलं पाणी तेवढं बाहेर सोडणारी झडप) विकणारा होता, माल वाईट नव्हता, मीही तोच सुचवला असता. मग घेतले तीन टक्के तर काय बिघडलं, असं मनाला समजावलं. पुढे त्याच कंपनीच्या माणसाने एका कारखानदाराशी भावावरून घासाघीस करताना सांगून टाकलं, "साहेब, यात तुमच्या सल्लागाराचंही आहे, अजून कमी नाही होत." त्या मालकाने मला काही विचारलं नाही. संध्याकाळी एका लग्नात त्याची आणि दुसऱ्या मालकाची गाठ पडली. सोमवारी माझी दोन कारखान्यांची कामं गेली. पैसे किती होते म्हणशील, तर अकरा हजार काहीशे.

आपल्यामागे कंपनी नाही, गोडाऊन नाही, माणसं नाहीत. "हा कुणाचं मशीन विकत नाही" एवढ्यावरच आपल्याला बॉयलर हाऊसमध्ये घेतात. ते गेलं की तू आणि स्टॉलवरचा माणूस यांत फरक काय राहिला? त्याला तर पगारही असतो. म्हणून कुणी बाजूला घेतलं तर हसून मोठ्याने सांग, "मी फी फक्त कारखान्याकडून घेते." मोठ्याने अशासाठी, की शेजारच्यालाही ऐकू जावं. अशा वाक्याने मला पुढे एक काम मिळालं, पण म्हणून ते म्हणायचं नाही.

व्याख्यानं सगळी ऐकू नकोस, निम्मी जाहिरातच असते. पण दोन निवड, पुढे बस आणि एक तरी प्रश्न विचार. तिथल्या शेकडो लोकांना तुझा आवाज ऐकवायची ती एकच फुकट संधी असते. प्रश्न आपल्या मातीतला हवा. समजा कुणी कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी, बॉयलरकडे परत आणण्यावर बोलला. बॉयलरमध्ये जाणाऱ्या फीडच्या पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढलं की जळण साधारण १ टक्का वाचतं, हे तो स्लाइडवर दाखवणारच, तू परीक्षेसाठी पाठही केलं आहेस. त्याची उदाहरणं मात्र चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या मिलची असतात. तू उठून नाव सांग, गाव सांग आणि विचार, "आमच्याकडे रंगाई बॅचमध्ये चालते, वाफेची मागणी तासाला वरखाली होते, कंडेन्सेट कधी येतं कधी येत नाही. छोट्या बॉयलरला हे कितपत परवडतं?" उत्तर बरं येईल किंवा येणार नाही. पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथले जे कुणी हॉलमध्ये असतील ते चहाला आपणहून तुझ्याकडे येतील, कारण त्यांचंही दुखणं तेच आहे. प्रश्न तीन वाक्यांत संपव. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे दर परिषदेत असतात, त्यांना लोक टाळतात.

आणि कुठल्या कारखान्यात काय पाहिलंस ते नावानिशी कुठेच सांगायचं नाही. जेवताना नाही, गमतीतही नाही. ज्याला तू शेजाऱ्याचं जळण सांगशील, तो लगेच ओळखेल की उद्या त्याचंही सांगशील.

रात्रीच्या जेवणाचं मी सांगावं की नाही, कळेना. माझ्या एका सहकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लॉज हॉलच्या जवळ घे, पैसे जास्त गेले तरी. ग्लास हातात घेऊन चालणाऱ्या गप्पांत मोठी कामं ठरतात हा गैरसमज आहे, सूप पिऊन नऊला निघालीस तर काही बुडत नाही. मलाही तसंच वाटतं. तुला घरातून तेलुगू येतं, ते मात्र वापर. हैदराबादकडचा कुणी भेटला तर अर्धं काम तिथेच होतं.

खरी मेहनत परतीच्या गाडीत आहे. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धर. दौंड येईपर्यंत प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे लिहून काढ, माणूस कुठे भेटला, काय बोलला, त्याची अडचण काय. कुर्डुवाडीनंतर चेहरे एकमेकांत मिसळतात, हा माझा अनुभव आहे. दुसऱ्या दिवसावर टाकलंस तर तुझ्याकडे फक्त कागदाचे तुकडे उरतील.

मग तीन दिवसांच्या आत त्यातल्या पाच-सहा जणांनाच काहीतरी पाठव. "भेटून आनंद झाला" नको, तो सगळेच पाठवतात आणि कुणी वाचत नाही. त्याच्या अडचणीच्या उपयोगाचं एक पान पाठव. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे उच्चदाब ग्राहकांचं वीजबिल केव्हीएएचवर (नुसती कामी आलेली नव्हे, तर ओढलेली एकूण वीज मोजणाऱ्या एककावर) आलं, तेव्हा बऱ्याच जणांना आकड्यांचा ताळमेळ लागेना. पॉवर फॅक्टरची (ओढलेल्या विजेतली किती कामी येते त्या प्रमाणाची) वेगळी सवलत गेली होती, आणि रात्री माग बंद असताना तो सुधारणारे कपॅसिटर तसेच चालू राहिले तर लीडिंगचाही, म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त पडल्याचाही, भुर्दंड बसायला लागला होता. मी साध्या मराठीत, हाताने आकृती काढून एक पान लिहिलं आणि फोटो काढून अकरा जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सगळे कुठल्या ना कुठल्या परिषदेत एकदा-दोनदा भेटलेले. लॉकडाऊन होता, लोक घरी होते, वाचलं गेलं. नऊ जणांनी नुसती अंगठ्याची 'छान' अशी खूण पाठवली. दोघांनी कारखाने उघडल्यावर बोलावलं. त्यातला एक मला चार वर्षांपूर्वी भेटला होता, आणि तेव्हा फक्त माझ्या घोरण्यावर बोलला होता, कारण आम्ही एकाच खोलीत उतरलो होतो.

सणासुदीचे फॉरवर्ड कुणाला पाठवू नकोस. गुडमॉर्निंगही नाही.

एवढं सगळं लिहिलं, पण मला विचारशील तर पुण्याच्या आधी एक काम इथेच करता येईल. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. त्या आठवड्यात एका दुपारी दहा-पंधरा फायरमन आणि इलेक्ट्रिशियन गोळा कर. हॉल नको, एखाद्या कारखान्याचं शेड चालेल. मालकांना बोलावू नकोस, ते आले की ही माणसं तोंड उघडत नाहीत. साबणाचं पाणी घेऊन हवेची गळती कशी शोधायची ते दाखव, चहा-भजी दे. मराठी, तेलुगू, कन्नड, जे येईल त्यात बोल. खुर्च्या मांडणारी बाई सगळ्यांच्या लक्षात राहते. शेडचं मी बघतो, तू तारीख सांग.

फॉर्म भरून टाक. चौकटीत 'कॉम्प्रेस्ड एअर, सोलापूर' लिही, दुसरं काही सुचलं तर मला फोन कर, पण दुपारी एक ते दोनमध्ये, तेव्हा बॉयलरचा आवाज नसतो. आणि कार्डं छापून घेशील तेव्हा नवी पेठेतला छापणारा चकचकीत कागद घ्या म्हणून मागे लागेल. घेऊ नकोस. त्यावर पेन चालत नाही, आणि समोरच्यालाही तुझ्याबद्दल पाठीमागे दोन शब्द लिहायचे असतात.

तुझा
बॉयलरवाला काका